पलीकडच्या घरातला षटकार आणि पृथ्वीएवढी दुर्बीण

सामना चालू असला की आमच्या चाळीत प्रत्येक षटकार दोनदा लागतो. पलीकडच्या बिऱ्हाडात केबल आहे, आमच्याकडे ॲपवरून चालणारा टीव्ही. तिकडे ‘गेलाऽऽ’ अशी आरोळी उठते तेव्हा आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसत उभा असतो. माझा भाचा नववीत आहे. गेल्या मोसमात त्याने घड्याळ लावून हा उशीर मोजला, तर २२ सेकंद भरले. मग विचारतो, “मामा, मॅच एकच आहे, मग दोन घरांत दोन वेळा कशा?”

त्याला समजावता समजावता आम्ही रेडिओ दुर्बिणींपर्यंत जाऊन पोचलो. एकाच ठिकाणाहून निघालेली गोष्ट दोन जागी वेगवेगळ्या वेळी पोचते, तो उशीर मोजायचा आणि दोन्ही पुन्हा नेमक्या एकमेकांवर बसवायच्या, हेच तिथलं मुख्य काम. घरं मात्र तिथे हजारो किलोमीटर लांब असतात आणि उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत मोजावा लागतो.

आधी दुर्बीण एवढी मोठी का लागते ते पाहू. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते. अवकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ वीतभर. प्रकाशाच्या चार लाख पट लांब. लहर जितकी लांब तितकं चित्र धूसर, आणि ते स्पष्ट करायचं तर तबकडी त्याच प्रमाणात रुंद करावी लागते. नुसत्या डोळ्यांना चंद्रावरचे डाग जेवढे वेगळे दिसतात, तेवढाच बारकावा वीतभर लहरीत हवा असेल तर साधारण ७०० मीटर रुंदीची तबकडी लागेल. अख्खं शिवाजी पार्क तिच्यात सहज मावेल. एवढा खर्च करून मिळणार काय, तर माणसाच्या उघड्या डोळ्याची नजर! चीनमधली ‘फास्ट’ ही एकसंध तबकडीची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण, तिचा व्यास ५०० मीटर आहे आणि ती डोंगरातल्या खोलगट जागेत बसवलेली आहे.

यातून वाट निघाली ती एका साध्या निरीक्षणातून. किती अंधूक वस्तू दिसेल हे तबकडीच्या क्षेत्रफळावर ठरतं. किती बारीक दिसेल हे मात्र तिच्या दोन टोकांमधल्या अंतरावर ठरतं. मग फक्त टोकं ठेवली आणि मधला भाग बांधलाच नाही तर? दोन छोट्या तबकड्या लांब लांब उभ्या करायच्या, दोघींनी एकाच वेळी एकाच वस्तूकडे पाहायचं आणि दोघींकडे आलेल्या लहरी जुळवायच्या. पृथ्वी फिरते तशी त्या वस्तूच्या बाजूने पाहिल्यावर दोन तबकड्यांमधली रेषाही वळत जाते, त्यामुळे काही तासांत त्या दोघी न बांधलेल्या मोठ्या तबकडीचे बरेच भाग भरून काढतात. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना या तंत्रासाठी १९७४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे या कामाची सुरुवात मुंबईतून झाली, आणि ही गोष्ट मुंबईकरांना फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली गोविंद स्वरूप यांनी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा केला. १९६५ मध्ये त्यांची पहिली दुर्बीण चालू झाली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ तबकड्या, प्रत्येकी जेमतेम १.८ मीटर रुंद, म्हणजे माणसाच्या उंचीएवढ्या. त्या ओळीने मांडून त्यांनी सूर्याचा अभ्यास केला. रोज लाखो माणसं ज्या स्टेशनातून लोकल पकडतात, त्या गावात भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राने डोळे उघडले.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की या कथेचा दुसरा टप्पा लागतो. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असं करत नारायणगावला उतरायचं, तिथून खोडद. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, लोकांना पाहायला मिळते. मी तेव्हाच गेलो होतो. ४५ मीटर रुंदीची तबकडी म्हटल्यावर मला पत्र्याचं भलंमोठं भांडं दिसेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात खाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार निळं आकाश दिसलं. तबकडी बनली आहे ती स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारांच्या जाळीची. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. वीतभर लहरीला मात्र एक-दोन सेंटिमीटरची भोकं भोकं वाटतच नाहीत, ती जाळीवरून आरशासारखी परतते. ही युक्ती स्वरूप यांच्या गटाची.

अशा ३० तबकड्या तिथे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन फाट्यांवर. प्रत्येकीकडून आलेला संकेत फायबरवरून मधल्या इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक तबकडीची उरलेल्या प्रत्येकीशी जुळणी होते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. सगळ्या एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात, कारण त्या घड्याळाचा ठोकाही फायबरवरूनच प्रत्येकीपर्यंत पोचवता येतो.

जुळणी म्हणजे नेमकं काय, हे भाच्याला कळावं म्हणून आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. एका सामन्याच्या वेळी त्याचा फोन पलीकडच्या काकूंच्या टीव्हीसमोर ठेवला, माझा आमच्या टीव्हीसमोर. दोन्हींवर आवाज रेकॉर्ड करायला लावला आणि मधल्या गॅलरीत उभं राहून त्याने एकदा जोरात टाळी वाजवली. टाळी दोन्ही फोनांनी टिपली, ती आमची समान खूण. नंतर लॅपटॉपवर दोन्ही आवाज एकाखाली एक मांडले, टाळीवर टाळी जुळवली आणि आमचा आवाज थोडा थोडा डावीकडे सरकवत गेलो. दहा सेकंद, पंधरा, वीस, नुसता गोंगाट. २२.४ सेकंदांना दोन्ही आवाजांतला प्रेक्षकांचा कल्लोळ एकदम एकजीव झाला. भाचा खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत्या, काकूंकडच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या नातवाचं रडणं. पण कुकर तिकडे नव्हता आणि नातू इकडे नव्हता, म्हणून कितीही सरकवलं तरी ते आवाज कशाशीच जुळले नाहीत. दोन्हीकडे समान होतं ते मैदान, तेवढंच वर उठून आलं. रेडिओ दुर्बिणींचंही असंच आहे. प्रत्येक दुर्बिणीच्या संकेतात तिच्या स्वतःच्या यंत्रांची, हवेची, आसपासची खरखर असते आणि खगोलाचा संकेत त्या खरखरीपेक्षा कितीतरी क्षीण असतो. दोन दुर्बिणींच्या संकेतांचा क्षणोक्षणी गुणाकार करून बेरीज करत गेलं की न जुळणारी खरखर एकमेकींना खोडून काढते आणि दोन्हीकडे समान असलेला संकेत साठत जातो. हे काम करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. आमच्या टाळीचीही तिथे जागा आहे. अधूनमधून सगळ्या दुर्बिणी एखाद्या ठसठशीत, ओळखीच्या क्वेसारकडे, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याकडे, वळवतात आणि त्याच्यावर जुळणी पक्की करून घेतात.

आता २५ किलोमीटरच्या जागी १०,००० किलोमीटर घ्या. सहा सेंटिमीटरच्या लहरीत एवढ्या अंतराची जोडी जो बारकावा देते, त्याने मुंबईत बसून नैरोबीतल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढी वस्तू वेगळी ओळखता येईल. पण एका खंडातून दुसऱ्या खंडात घड्याळाचा ठोका तारेवरून कसा पोचवायचा? १९६७ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या गटांनी तार सोडूनच दिली. प्रत्येक दुर्बिणीपाशी स्वतंत्र अणुघड्याळ ठेवलं, आलेला संकेत घड्याळाच्या वेळेसकट चुंबकीय फितीवर उतरवला आणि फिती एका जागी नेऊन जुळवल्या. आज यासाठी हायड्रोजन मेसर नावाची घड्याळं वापरतात. ती एवढी स्थिर असतात की त्यांत एका सेकंदाचा फरक पडायला कोट्यवधी वर्षं लागावीत. सहा सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीचा एक हेलकावा सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या पाचव्या हिश्शात संपतो, म्हणून याहून ढिलं घड्याळ चालतच नाही.

पुढे फितींच्या जागी हार्डडिस्क आल्या. पेट्या भरायच्या, विमानाने पाठवायच्या, त्या पोचल्या की जुळणी. इथे बहुतेकांना वाटतं की नेटवर्क आलं ते डिस्कपेक्षा वेगवान म्हणून. हिशेब करून पाहू. पिशवीत २० टेराबाइटच्या दहा डिस्क घेऊन तुम्ही संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने निघालात आणि सव्वातीन तासांत पुण्याला उतरलात, तर २०० टेराबाइट माहिती पोचली. म्हणजे सेकंदाला सुमारे १३७ गिगाबिट! घरच्या १०० मेगाबिटच्या जोडणीच्या हजार पटींहून जास्त. निव्वळ वजनावर मोजलं तर भरलेली पिशवी घरच्या फायबरला आजही भारी पडते.

पिशवी हरते ती दुसऱ्या ठिकाणी. दहा दुर्बिणी दहा तास एका वस्तूकडे पाहतात, आणि त्यांतल्या एकीचा रिसीव्हर चुकीच्या ध्रुवणावर, म्हणजे लहरीच्या डोलण्याच्या चुकीच्या दिशेवर, लागलेला आहे किंवा घड्याळाची नोंद एका सेकंदाने सरकली आहे. पेट्या पोचून जुळणी होईपर्यंत कित्येक आठवडे हे कोणालाच कळत नाही. तोवर ती वेळ गेलेली असते, वस्तू बदललेली असते. जुळणी लगेच होत असेल तर चूक दहा मिनिटांत दिसते, फोन जातो, पलीकडचा माणूस खटका फिरवतो आणि उरलेले साडेनऊ तास वाचतात. दुर्बिणी जाळ्याने जोडण्याचा खरा फायदा मला हा वाटतो: उत्तर अशा वेळी हातात येतं की त्यावर अजून काही करता येईल.

युरोपातल्या दुर्बिणींचं एकत्रित जाळं १९८० पासून आहे आणि त्यांची जुळणी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावी होते. २००४ च्या सप्टेंबरात युरोपातल्या काही दुर्बिणी आणि पोर्टो रिकोतली अरेसिबो यांचे संकेत थेट तिथे पाठवून एका महाकाय ताऱ्याभोवतीच्या वायूचं चित्र काढलं गेलं. प्रत्येक दुर्बिणीचा वेग तेव्हा आजच्या साध्या घरगुती जोडणीपेक्षाही कमी होता. २००६ ते २००९ या काळात युरोपीय आयोगाच्या पैशातून ‘एक्स्प्रेस’ नावाचा प्रकल्प झाला आणि वेग सेकंदाला एक गिगाबिटवर गेला. एका दुर्बिणीकडून या वेगाने दहा तास माहिती आली तर साडेचार टेराबाइट होते. दहा दुर्बिणी असतील तर दहापट, आणि सगळी एकाच इमारतीत, एकाच वेळी.

यात दोन अडचणी होत्या. पहिली शेवटच्या टप्प्याची. रेडिओ दुर्बीण मुद्दाम वस्तीपासून, मोबाइल मनोऱ्यांपासून लांब बांधतात, आणि फायबर नेमकी वस्तीत असते. देशादेशांमधल्या संशोधन जाळ्यांवर रुंद रस्ता होता, पण तिथून दुर्बिणीपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर खणायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने, यातच वर्षं गेली. आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात रस्ता खणताना फायबर तुटली तेव्हा चार दिवस अख्खी चाळ बंद पडली होती. रानातली एकुलती एक फायबर तुटली तर काय, हे मला त्या दिवसांत चांगलंच उमगलं.

दुसरी अडचण, आणि तिचं उत्तर, मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. इंटरनेटवर माहिती छोट्या पाकिटांत जाते. नेहमीच्या पद्धतीत घेणारा पाकिटांची पोचपावती देतो, आणि एखादी पावती आली नाही की पाठवणारा रस्त्यावर गर्दी झाली असं समजून आपला वेग निम्म्यावर आणतो. वेबपान उघडायला हे उत्तम. पण ऑस्ट्रेलियाहून नेदरलँड्सला पाकीट जाऊन पावती परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. एवढ्या लांबच्या वाटेवर एक पाकीट हरवलं तरी वेग कोसळतो आणि पुन्हा चढायला फार वेळ घेतो. रस्ता रिकामा असूनही गाडी रांगत राहते.

मग दुर्बिणी जोडणाऱ्यांनी पोचपावती घेणंच सोडलं. पाकिटांवर क्रमांक घालायचे आणि अखंड पाठवत राहायचं. हरवलेली पाकिटं हरवली, त्यांच्या जागी तेवढीच निरर्थक भर घालायची म्हणजे वेळेची मांडणी बिघडत नाही. बँकेच्या व्यवहारात असं केलं तर अनर्थ होईल. इथे चालतं, कारण पाठवतोय ती जवळजवळ सगळी खरखरच आहे. आमच्या रेकॉर्डिंगमधून मधलीच काही सेकंदं पुसली असती तरी कल्लोळ २२.४ वरच जुळला असता. त्याच कारणाने प्रत्येक नोंद फक्त दोन बिटांत ठेवतात. लहर धन की ऋण, मोठी की छोटी, एवढंच. गाणं असं साठवलं तर ऐकवणार नाही. पण अब्जावधी नोंदींची जुळणी करायची असते तेव्हा एकेका नोंदीच्या अचूकतेपेक्षा नोंदींची संख्या जास्त कामाची ठरते.

याचा उपयोग लवकरच दिसला. हंस तारकासमूहात सिग्नस एक्स-३ नावाची जोडी आहे. एक तारा आणि त्याला ओरबाडणारी एक अतिघन वस्तू पाच तासांच्या आत एकमेकांभोवती फेरी घालतात. मधूनच तिथे मोठा भडका उडतो आणि रेडिओ लहरींत ती शेकडो पट उजळते. अशी भडकणारी वस्तू महिन्याभराने पाहण्यात अर्थ नसतो. २००६ च्या एप्रिलमध्ये आणि मेमध्ये युरोपातल्या जोडलेल्या दुर्बिणींनी तिला पाहिलं, आणि भडक्यानंतरच्या दुसऱ्या निरीक्षणात तिचा लांबट पसरलेला आकार टिपला.

दुसरं उदाहरण क्षणिक रेडिओ स्फोटांचं. हे स्फोट सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतात आणि ते कुठून येतात हे बरीच वर्षं कोडं होतं. त्यांतला एक पुन्हा पुन्हा फुटत होता. २०१६ मध्ये अरेसिबो आणि युरोपातल्या दुर्बिणी एकत्र त्याच्याकडे रोखल्या. अरेसिबोच्या नोंदींत स्फोटाचा क्षण सापडला, मग सगळ्या दुर्बिणींच्या माहितीतला नेमका तेवढाच क्षण काढून जुळवला. स्फोटाचा पत्ता लागला: सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षं दूरची एक बुटकी दीर्घिका. अरेसिबोची ती प्रचंड दुर्बीण २०२० च्या डिसेंबरमध्ये कोसळली.

अर्थात पिशवीचे दिवस संपलेले नाहीत. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं २०१९ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेलं चित्र आठ दुर्बिणींच्या डिस्क विमानाने आणूनच तयार झालं. त्यात प्रत्येक दुर्बीण सेकंदाला ३२ गिगाबिट नोंदवत होती, म्हणजे तासाला १४ टेराबाइटच्या वर, आणि त्या दुर्बिणी होत्या उंच डोंगरांवर. हवा तिथे एवढी विरळ की हेलियम भरून बंद केलेल्या डिस्क वापराव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर २०१७ च्या एप्रिलमध्ये भरल्या आणि तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या, कारण त्या काळात तिथे विमानच उतरत नाही.

पुढचं मोठं काम स्क्वेअर किलोमीटर ॲरेचं, म्हणजे एसकेएचं. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे, झाडांसारखे दिसणारे अँटेना. २०२४ च्या जानेवारीत भारताने १२५० कोटी रुपयांच्या मंजुरीसह त्यातला सहभाग पक्का केल्याचं जाहीर झालं. ही दुर्बीण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात टाटा संस्थेचं पुण्यातलं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुढे आहे, ज्याने जीएमआरटी बांधली तेच. इथे पिशवी कामाची नाही. माहिती अखंड वाहत राहणार, वाळवंटातून शहरातल्या संगणकांपर्यंत आणि तिथून वेगवेगळ्या देशांतल्या विभागीय केंद्रांपर्यंत. भारतात शिरणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी बऱ्याच मुंबईत, वर्सोव्याच्या वाळूखालून किनाऱ्याला लागतात. मुलं क्रिकेट खेळतात त्या वाळूच्या खाली, केसाएवढ्या काचेच्या धाग्यांतून, जगभरची माहिती शहरात येत असते.

पुढच्या विज्ञान दिनाला भाच्याला घेऊन खोडदला जायचं ठरलं आहे. कल्याणहून एसटी, माळशेजमार्गे. परवा त्याने विचारलं, आपल्या दोन घरांत २२ सेकंद, तर तिथल्या दोन टोकांच्या तबकड्यांत किती? प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, अंतर २५ किलोमीटर, असं सांगून मी वही त्याच्याकडे सरकवली. त्याने भागाकार केला: जास्तीत जास्त ८३ मायक्रोसेकंद. मग खाली त्यानेच लिहिलं, तारा बरोबर डोक्यावर असेल तर शून्य.